अग्नीला तालीम कळत नाही

शर्वरी, जरा जवळ ये पाहू. तू तिकडे फोनच्या पडद्यावर, लांब आहेस हे मला ठाऊक आहे, पण खुर्ची पुढे ओढून बसलीस की मला बरं वाटेल. हां, अशी. आता आधी दोन शब्द सुनावते, मग गोष्ट. परवा फोनवर खिदळत म्हणालीस, "आत्याआजी, आईबाबांचं लग्न त्या वेड्या गुरुजींनी सिनेमाच्या शूटिंगमध्ये लावून टाकलं, खरं ना?" वेडे काय गं? ज्या माणसाला तू पाहिलं नाहीस, ज्याच्या हातचं तीर्थ घेतलं नाहीस, त्याला फोनवरून वेडा ठरवायचं? तुमच्या हिंजवडीच्या ऑफिसात चालत असेल असं, आमच्या नारायण पेठेत चालत नाही. आणि लग्न त्यांनी लावलं की नाही, हाच तर सगळा घोळ आहे. तुझ्या आईलाही मी हे पुरतं सांगितलेलं नाही. आता माझा दादा गेला, गुरुजी गेले, कुणाचं काही बिघडायचं राहिलेलं नाही. तेव्हा नीट ऐक.

वामनगुरुजी आमच्याच इमारतीत, समोरच्या बिऱ्हाडात राहायचे. मी तेव्हा माझ्या भावाकडे, म्हणजे तुझ्या आजोबांकडे राहत होते. त्याला आम्ही सगळे दादा म्हणायचो. दोन्ही दारं अशी समोरासमोर की आमच्याकडे फोडणी पडली की गुरुजींकडे शिंक यायची. त्यांच्या घरात गेलं की पहिली नजर जायची देवघराशेजारच्या फळीवर. तिथे दोन नारळ जोडीनं बसवलेले. एकाला बाशिंगाचा तुकडा बांधलेला, दुसऱ्याला हिरव्या खणाची चिंधी. दोन्ही सुकून खडखडीत झालेले, हलवले तर आत खोबरं वाजायचं.

मी नवीन होते, मला काय माहीत? मी गुरुजींच्या बायकोला म्हटलं, "काकू, हे नारळ वाया चाललेत, चटणी तरी करा."

काकूंनी कपाळाला हात लावला. "कशी करू? लग्न झालंय त्यांचं."

मला वाटलं काकू थट्टा करतायत. थट्टा नव्हती. गुरुजींकडे पौरोहित्य शिकायला विद्यार्थी यायचे. त्यांच्या सरावाला वधूवर कुठून आणायचे, म्हणून पाटावर दोन नारळ मांडले होते. एक विद्यार्थी भलता हुशार निघाला. त्यानं होम पेटवून पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे मंत्र बिनचूक म्हटले. संध्याकाळी काकू आमटीसाठी त्यातला एक नारळ फोडायला निघाल्या, तर गुरुजी दारात आडवे. म्हणाले, "नवरदेवाला आमटीत घालाल, तर त्या बिचारीनं कुणाकडे बघायचं?" तेव्हापासून ती जोडी फळीवर. पुढे विद्यार्थ्यांना शिकवताना ते मधला एक मंत्र मुद्दाम गाळायला लावत, नाहीतर घरात नारळांचे संसार मांडून बसायला जागा उरली नसती. ह्यावर कुणी हसलं की ते म्हणत, "हसा. पण अग्नीला तालीम कळत नाही. पेटला की तो साक्षीला बसला."

असा हा माणूस. खोटं बोलायचं नाही, आणि खोटं करायचंही नाही. एकदा एका लग्नात मुलीच्या मामांनी स्वतः रचलेली मंगलाष्टकं आणून दिली. त्यात मुलगी 'पदवीधर' होती. गुरुजींनी भर मांडवात विचारलं, "शेवटच्या वर्षाचा निकाल लागला का?" मामा म्हणाले, "दोन विषय राहिलेत, पण वृत्तात बसवायला घातलंय." गुरुजी म्हणाले, "वृत्तात बसलं, पण परीक्षेला बसायचंय अजून," आणि ती ओळ सोडून पुढची म्हणायला लागले. पत्रिकेत मुलीचं वय कमी करून आणणाऱ्यांना ते शांतपणे सांगत, "करा कमी. फक्त ग्रह दुसऱ्याच कुणाला लागतील, मग माझ्याकडे येऊ नका." पेठेत त्यांच्यावर सगळे चिडायचे आणि लग्न ठरलं की पहिल्यांदा त्यांच्याकडेच यायचे. कारण त्यांनी लावलेलं लग्न पक्कं, अशी ख्याती.

त्या दिवसांत पुण्यात कॉम्प्युटरचं वारं सुटलं होतं. कालपर्यंत जिथे टायपिंग क्लासची पाटी होती तिथे आम्हाला उच्चारता न येणारी नावं लागली. घराघरांतून मुलं अमेरिकेला निघाली. दादालाही एकच ध्यास लागला, मृदुलेसाठी अमेरिकेतला जावई. मृदुला म्हणजे तुझी आई. स्थळ मिळायच्या आधीच दादानं भिंतीवर दुसरं घड्याळ आणून लावलं आणि ते अमेरिकेच्या वेळेवर ठेवलं. आमचं तिकडे कुत्रंसुद्धा नव्हतं. तरी दुपारी जेवताना तो सुस्कारा टाकून म्हणायचा, "तिकडे सगळी झोपली असतील आता."

गुरुजींना ह्या वाऱ्याची झुळूक लागली ती दक्षिणेतून. एका यजमानानं गायीऐवजी आपला जुना कॉम्प्युटर दान दिला. गुरुजींनी त्याला हळदकुंकू वाहिलं. त्यातलं कुंकू एका बटनात जे जाऊन बसलं ते कायमचं. आता त्यावर पत्रिका काढायच्या आणि मुहूर्ताची पुस्तिका करायची असं ठरलं. ते शिकवायला लक्ष्मी रोडच्या क्लासमधला एक मास्तर यायला लागला. येरवड्याहून मोटरसायकलवर यायचा, उंच, शांत, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या. तो तुझा बाबा, मिलिंद.

मिलिंदनं पहिल्याच दिवशी साफ सांगितलं, "गुरुजी, आम्ही बौद्ध आहोत. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरी पत्रिका, मुहूर्त काही नाही. मी हे बसवून देतो, पण माझा ह्यावर विश्वास नाही."

गुरुजी म्हणाले, "वायरमनचा देवावर विश्वास नसला तरी देवघरात दिवा लागतो. बसवा तुम्ही."

मराठी टाइप करायला मृदुला जायची, तिचा हात चांगला होता. पुस्तिका लहानशीच, पंधरवड्याचं काम. पावसाळा गेला, दिवाळी गेली, पुस्तिका काही संपेना. गुरुजी एकदा माझ्यादेखत त्या दोघांना म्हणाले, "वेद रचायलासुद्धा ऋषींना इतका वेळ लागला नसेल." दोघांनी माना खाली घातल्या. त्यानंतर गुरुजी स्वतःच्याच घरात शिरताना जिन्यातून खोकत यायला लागले. मला काय ते कळलं. काकूंना कळलं. कळलं नव्हतं ते दादाला, तो अमेरिकेच्या घड्याळाकडे बघत बसला होता.

आणि मग आमच्या मागच्या मंगल कार्यालयात सिनेमावाले आले.

सिनेमा गमतीचा होता, प्रेमाचा आणि फसवाफसवीचा. एक मुलगा आणि एक मुलगी एका श्रीमंत काकाला फसवायला खोटं खोटं लग्न लावतात, मग एक खोटं झाकायला दुसरं, दुसरं झाकायला तिसरं, आणि शेवटी खरंच प्रेमात पडतात. मांडवात पाहुणे हवे होते, म्हणून अख्ख्या पेठेला आपापल्या पैठण्या नेसून यायचं आमंत्रण. दादाला तर थेट भूमिका मिळाली, वधूपित्याची. बोलायचं एक अक्षर नाही, फक्त पाणी सोडायचं. पण दादा आठवडाभर आरशासमोर हनुवटी वर करून पाणी सोडत होता. मृदुला करवली झाली. मिलिंद काय निमित्तानं आला होता ते त्यालाच ठाऊक, कुणाच्यातरी कॉम्प्युटरची वायर घेऊन उभा होता.

गुरुजीचं काम करणारा नट मिसळ खाऊन आडवा पडला, म्हणून ऐन वेळी वामनगुरुजींना बोलावणं गेलं. दिग्दर्शक त्यांना समजावत होता, मी शेजारीच उभी होते.

"गुरुजी, खरं लग्न नाहीये. सिनेमातलं आहे."

"म्हणजे सिनेमात ह्यांचं लग्न होतं?"

"सिनेमातही होत नाही. तिथे ते खोटं लग्न लावतायत."

गुरुजींनी डोळे मिटले. "खोटं लग्न खोटं खोटं लावायचं. म्हणजे उणे गुणिले उणे."

"म्हणजे?"

"म्हणजे अधिक. शाळेत गेला नाहीत का? हे खरं होऊन बसेल."

दिग्दर्शकानं हात जोडले, बाहेर जनरेटर घरघरत होता, नटीच्या डोळ्यांतलं काजळ उतरत होतं. शेवटी गुरुजी म्हणाले, "बसतो. पण मंत्र कुठले म्हणायचे ते मी ठरवीन." त्याला काय, त्याला संस्कृत ऐकू आलं की झालं. आणि सांगू का तुला, गुरुजींनी त्या नटनटीला समोर बसवून चक्क वास्तुशांत केली. नव्या घराची जी पूजा असते ना, ती. खोटं लग्न लावायचं नाही आणि मंत्र तर म्हणायचे, मग त्यांना हाच मार्ग दिसला. तो सिनेमा पुढे थेटरात लागला. मंगलाष्टकं वरून दुसरीच चिकटवली होती, पण मधे मधे गुरुजींचा आवाज होता. त्या नायक-नायिकेचा संसार वास्तुशांतीवर उभा आहे हे ओळखणारे आम्ही पाचसहा जण थेटरात नको तिथे हसलो.

पण नटनटी बसण्याआधी एक गोष्ट घडली होती. दिवे लावायचे होते, कॅमेऱ्याची जागा बघायची होती, आणि नटनटी रंगवून घेत बसली होती. मग दिग्दर्शकाचा मदतनीस गर्दीत बोट फिरवत आला. "तुमची उंची हिरोएवढी आहे, तुम्ही बसा. आणि तुम्ही, हिरव्या साडीतल्या." हिरोएवढा उंच तो मिलिंद, आणि हिरव्या साडीत मृदुला होती. दोघं पाटावर बसली. होम पेटवला. मदतनीस म्हणाला, "गुरुजी, आवाज बघायचाय, काहीतरी सुरू करा." गुरुजी सुरू झाले. "वधूपिता, पाणी सोडा," मदतनीस म्हणाला. दादानं हनुवटी वर करून पाणी सोडलं. गुरुजींनी मिलिंदला गोत्र विचारलं. तो म्हणाला, "आमच्यात नसतं." गुरुजी म्हणाले, "नसेल त्याचं कश्यप," आणि दादाला म्हणाले, "माझ्यामागून म्हणा." दादानं सगळं खणखणीत म्हटलं. कॅमेऱ्याकडे बघत म्हटलं, समोर कोण बसलंय इकडे त्याचं लक्षच नव्हतं. मग मदतनीस ओरडला, "आता उठून सात पावलं चालून दाखवा, फोकस घ्यायचाय." चालली दोघं. मी बघत होते. मृदुलेचे कान लाल झाले होते, आणि दिवे अजून लागायचे होते.

त्यानंतर थोड्याच दिवसांत दादाला हवं तसं स्थळ आलं. मुलगा अमेरिकेत, कॉम्प्युटरवाला, दोन आठवड्यांच्या रजेवर. आला, पोहे खाल्ले, पसंती कळवली. त्याच रजेत लग्न उरकायचं. मृदुला तोंडातून शब्द काढेना. दादापुढे ती लहानपणापासून कधी बोललीच नव्हती. मी बोलायला गेले तर दादा म्हणाला, "तुला तिकडच्या वेळा तरी माहीत आहेत का?"

दादा मुहूर्त काढायला समोर गेला. थोड्या वेळानं त्याचा आवाज चढलेला ऐकू आला म्हणून मी धावले. गुरुजी भिंतीला टेकून बसले होते. आतल्या खोलीत कॉम्प्युटरपुढे मृदुला.

"कमल, हे ऐक, हे काय बोलतायत ते ऐक," दादा मला म्हणाला.

गुरुजी सावकाश म्हणाले, "काही विशेष नाही. ह्यांना मुलीच्या लग्नाचा मुहूर्त हवाय. मी विचारलं, पहिल्या लग्नाचं काय करायचं?"

"कुठलं पहिलं?" दादा ओरडला.

"तुम्हीच पाणी सोडलंत की. हनुवटी वर करून."

"अहो, तो सिनेमा होता."

"नटनटी सिनेमातली होती. त्यांची मी वास्तुशांत केली, ते तुम्हालाही ठाऊक आहे. पण त्याआधी बसली ती दोघं खरी होती, बाप खरा होता, अग्नी खरा होता. माझ्या तोंडाला खरे मंत्र आले. लग्न लागलंय."

दादानं ते खरं मानलं. तुला हसू येईल, पण दादाचा त्या माणसावर किती विश्वास होता ते तुला माहीत नाही. दुसरा कुणी बोलला असता तर दादानं त्याला जिन्यावरून ढकललं असतं. इथे प्रश्न वामनगुरुजींच्या जिभेचा होता. तरी दुसऱ्या दिवशी तो पेठेतल्या आणखी दोन गुरुजींकडे जाऊन आला. दोघांनी कानावर हात ठेवले. एकजण म्हणाला, "जो मनुष्य नारळाचं लग्न मोडत नाही, त्यानं लावलेलं माणसांचं मी कसं मोडू?" अमेरिकेतल्या मुलाच्या घरी ही बातमी कुणी पोचवली देव जाणे, पण त्यांनी त्याच रजेत दुसरी मुलगी बघितली. लग्न उरकून गेलासुद्धा तो.

दादा तेवढ्यानं हरला नव्हता. त्यानं ठरवलं, मुलाच्या बापाकडूनच लिहून घ्यायचं की हे लग्न आम्हाला मान्य नाही. मग निघाली आमची वरात येरवड्याला. मी, दादा, मृदुला आणि साक्षीला गुरुजी. दोन रिक्षा कराव्या लागल्या. मी दादाच्या रिक्षात होते. रिक्षावाल्यानं विचारलं, "येरवड्यात कुठे? तुरुंग की वेड्यांचं इस्पितळ?" दादा म्हणाला, "अजून ठरायचंय. चल तू."

मिलिंदच्या वडिलांना सगळे भाऊ म्हणत. मोठ्या सरकारी हुद्द्यावरून निवृत्त झालेले, पांढरी मिशी, समोर वर्तमानपत्राची नीट घडी. त्यांनी सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "लिहून काय द्यायचं? आमच्या लेखी लग्न झालेलंच नाही. तुम्ही आमच्या मुलाभोवती धूर केलात, एवढीच नोंद आहे."

दादाचा चेहरा उजळला. "बघा गुरुजी, झालेलं नाही."

"ह्यांच्या बाजूनं झालेलं नाही," गुरुजी म्हणाले, "आपल्या बाजूनं झालंय. अर्धं राहिलंय."

"अर्धं लग्न असतं का कुठे?"

"तेच म्हणतोय. पुरं करा."

तेवढ्यात चहा आला. दादानं कपाकडे बघितलं, कप तसाच राहिला. का राहिला ते कुणी बोललं नाही, पण खोलीतल्या प्रत्येकाला कळलं. भाऊंना तर ते आयुष्यभर कळत आलेलं. गुरुजींनी आपला कप उचलला, बशीत ओतला, सगळा चहा आवाज करत प्यायले आणि म्हणाले, "पाणचट आहे."

भाऊ मोठ्यानं हसले. "आमच्या घरी येऊन चहाला नाव ठेवणारा तुमच्याकडचा पहिलाच माणूस. बाकीचे एकतर पीत नाहीत, नाहीतर फार छान म्हणतात." मग ते थांबले आणि मृदुलेकडे वळले. "लग्न झालं की नाही हे इथे म्हातारे ठरवतायत. मुली, तुला कुणी विचारलंय का?"

कुणीच विचारलं नव्हतं गं. मीसुद्धा नाही. मी नुसतं ओळखलं होतं.

मृदुला पदर बोटाला गुंडाळत होती. तिनं वर बघितलं, आणि आमच्या घरात जन्मात न बोललेली ती मुलगी म्हणाली, "झालं असलं तर मला चालेल. झालं नसलं तर करायचंय."

मिलिंद दारात उभा होता, तो खाली बघून हसला. दादा पाणी सोडलेल्या आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिला. मग त्याच हातानं त्यानं कप उचलला. चहा गार झाला होता, तरी संपवला. घरी आल्यावर त्यानं स्टुलावर चढून अमेरिकेचं घड्याळ काढलं, पुण्याच्या वेळेवर लावलं आणि परत टांगलं. पुढे कित्येक वर्षं आमच्या भिंतीवरची दोन घड्याळं एकच वेळ दाखवायची.

लग्न येरवड्याच्या विहारात झालं. बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, पांढरी फुलं, मेणबत्त्या. गुरुजी धूतवस्त्र नेसून पहिल्या रांगेत बसले होते. आधी सगळ्यांनी उभं राहून पंचशील म्हणायचं असतं. हिंसा करणार नाही, चोरी करणार नाही, असे पाच नियम. शब्द पाली, पण गुरुजींना अर्थ कळत होता. पहिले तीन त्यांनी सगळ्यांबरोबर मोठ्यानं म्हटले. चौथा आला, खोटं बोलणार नाही ह्याचा. मी शेजारी होते. गुरुजींचं तोंड मिटलं. पाचवा मद्य पिणार नाही ह्याचा, तो मात्र इतका खणखणीत म्हटला की समोरचा भिक्खू वळून बघायला लागला. मला वाटलं, चौथ्याच्या वेळी म्हाताऱ्याला ठसका लागला असेल.

त्यानंतर गुरुजींनी लग्नं लावायचं सोडलं. कुणी आलं की म्हणत, "लग्न नको. वास्तुशांत असेल तर सांगा." तो काळही तसाच होता. कॉम्प्युटरवाल्या मुलांनी शहराभोवती फ्लॅट घ्यायचा सपाटा लावलेला. गुरुजी कुणाच्यातरी स्कूटरवर मागे बसून, मांडीवर कलश धरून पार मांजरी गावाला जायचे. दोन्ही बाजूंना ऊस आणि मधेच एकटी उभी चौथ्या मजल्यापर्यंतची इमारत. लिफ्ट अजून बसायची असे. पेठेतले लोक म्हणायला लागले, "गुरुजींनी बरोबर वारं ओळखलं. लग्नात राबायचं किती, वास्तुशांतीत दुपारी मोकळे." हे त्यांच्या कानावर जायचं. ज्या माणसानं एक ओळ खोटी म्हटली नाही, त्याला लोकांनी दुकानदार केलं, आणि तो गप्प बसला. मला ते सहन होईना.

शेवटच्या आजारपणात मी त्यांना मऊ भात घेऊन जायचे. काकू आधीच गेल्या होत्या. एका दुपारी भरवता भरवता मी म्हटलं, "गुरुजी, लग्नं का सोडलीत? लोक काय काय बोलतात."

ते म्हणाले, "खोटं बोलणाऱ्यानं लग्न लावू नये. टिकत नाही."

"तुम्ही कधी खोटं बोललात?"

"तुझ्या दादाशी." त्यांनी घास गिळला. "त्या दोघांना बसवलं तेव्हाही मी वास्तुशांतच म्हटली होती. त्यांना एक आणि नटांना एक, असं वेगळं करायला मला कुठे सुचणार? जे ठरवून गेलो होतो तेच म्हटलं. तुझा दादा वास्तुपुरुषाला पाणी सोडत होता."

मी चमचा वाटीत ठेवला. "मग लग्न लागलंय म्हणालात ते?"

"तुझा दादा मुहूर्त काढायला बसला ना, तेव्हा आतमध्ये ती टाइप करत होती. दादा तिला इथूनच ओरडून म्हणाला, तारीख घाल गं पुस्तिकेत, तुझीच आहे. बटनांचा आवाज चालू होता तो थांबला. बराच वेळ काही वाजेना. मी वाट बघितली. मग तोंडातून निघून गेलं." त्यांनी वाटी हातानं बाजूला सारली. "अग्नीसमोर नाही बोललो, एवढी अक्कल शिल्लक होती. भात आणखी नको, मीठ जास्त झालंय."

मीठ खरंच जास्त होतं.

ते गेले तेव्हा भाऊ येरवड्याहून आले होते. दोघांचं चांगलं जमलं होतं पुढे, भांडायला एकमेकांकडे जायचे. भाऊ जिन्यात माझ्याशेजारी उभे राहिले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "कमलताई, आमचं त्यांचं एका गोष्टीवर पटलं नाही कधी. पण तो माणूस जन्मात खोटं बोलला नाही, ही गोष्ट मी कुणालाही सांगेन." मी मान हलवली. काय करणार?

तर ही गोष्ट. तुझे आईबाबा अजून समजतात की त्यांचं लग्न दोनदा झालं. एकदाच झालंय. मात्र त्यांच्या घराची शांत, घर मिळायच्या कितीतरी आधी झाली होती.

आता तुझ्याबद्दल. "आजोबांनी शेवटी ऐकलं कसं?" हे तू परवा हसत हसत विचारलंस. मग फोन ठेवता ठेवता पुन्हा विचारलंस, तेव्हा हसली नाहीस. एकच गोष्ट दोनदा कुणी उगाच विचारत नाही गं. तुझे आईबाबा ऐकणार नाहीत असं तुला वाटत असेल, तर वाटूही शकतं. आईबाप झालं की माणसं आपलं विसरतात. समोरच्या बिऱ्हाडात आता गुरुजी नाहीत, तिथे कुणीतरी कुरिअरचं ऑफिस थाटलंय. पण मी आहे. माझं काही व्रत नाही, वेळ आली तर तुझ्यासाठी मी खुशाल खोटं बोलेन. फक्त कुणासाठी बोलायचं, ते आधी बघायला नको का? तेव्हा फार दिवस लावू नकोस. येत्या रविवारी ये, दुपारीच ये जेवायला, आणि त्याला घेऊन ये.